येळवशीची गोड बातमी

आंबिलीनं भरलेली बिंदगी डोक्यावरून उतरवली आणि भुजंगराव मानेला हात लावून जे खाली बसले, ते उठायचं नावच घेईनात. गाडीवाटेपासून शेतातल्या कोपीपर्यंत अंतर ते किती, अर्धा किलोमीटर. पण येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, घरच्या कर्त्यानं घोंगडं पांघरून, बिंदगी डोक्यावर घेऊन पायीच शेतात यायचं, हा त्यांच्या घरचा रिवाज. सत्तरी उलटली तरी हा हक्क लेकाला द्यायची त्यांची तयारी नव्हती.

"तेल आणा गं कुणीतरी. खांदे उतरले माझे."

"दरसाल सांगते, बालाजीच्या डोक्यावर द्या म्हणून," सिंधुबाई कोपीत पांडवांपुढं हिरव्या दाण्यांच्या भज्जीचा नैवेद्य मांडता मांडता म्हणाल्या.

"त्यो सांडील."

बालाजीनं ते ऐकलं आणि आणखी एक काटकी उचलली. पस्तीस वर्षांचा गडी, नांदेडात बी-बियाण्यांचं दुकान चालवतो, सणासुदीला बायकोपोरीला घेऊन गावी येतो, गिऱ्हाइकाशी तासभर बोलेल. आईबापापुढं मात्र त्याची वाचा बसते. आज तर त्याला एक मोठी गोष्ट सांगायची होती, म्हणून तो सकाळपासून नुसता सरपण गोळा करत होता. चुलीला पुरून उरेल इतकं गोळा झालं होतं.

अमावस्येचा दिवस असल्यानं सगळं मुरुड गाव रिकामं होऊन शेतात उतरलं होतं. प्रत्येकाच्या रानात कडब्याची कोपी, कोपीत पांडव म्हणून मांडलेले, चुना लावलेले पाच दगड, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला जेवायला ओढायची घाई. सिंधुबाईंच्या कोपीशी आज दोन पाहुण्या होत्या. एक बोलावलेली आणि एक, त्यांच्या मते, उगाच आलेली.

बोलावलेली म्हणजे पारूबाई, भुजंगरावांची धाकटी बहीण. ती उदगीरहून हिरवं लुगडं, हिरवा चुडा आणि पाच जातींची फळं घेऊन आली होती. कारण सिंधुबाईंनी तिला फोनवर गोड बातमी दिली होती. सुनेला दिवस गेलेत. आता ही बातमी सिंधुबाईंना कुणी दिली? कुणीच नाही. त्यांनी ती स्वतःच ताडली होती. सुकन्या वरून भरलेली दिसत होती, चार पावलांत दमत होती, भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपत होती, दोन वर्षांच्या ओवीला कडेवर घेत नव्हती आणि भर उन्हात शाल पांघरत होती. बाईमाणसाला आणखी काय सांगावं लागतं? त्यांनी ही गोष्ट फक्त गावातल्या बसम्माला सांगितली होती, तीही गिरणीत, दळण होईस्तोवर. गिरणीत सांगणं आणि मुरुडात दवंडी देणं यात फरक नाही, हे त्यांच्या लक्षात राहिलं नसावं.

उगाच आलेली म्हणजे बेगमबी. तीस वर्षं या घरातल्या बायकांचे झंपर तिनं शिवले. टेप ती वापरत नसे. प्रत्येक बाईच्या नावाची एक सुती दोरी, दोरीला गाठी मारलेल्या. एक कमरेची, एक छातीची, एक दंडाची. तिच्या खोलीत खिळ्यांना अख्ख्या मुरुडच्या बायका टांगलेल्या असत. पण कोणाचं माप काय, हे तिच्या तोंडून तिच्या नवऱ्याला, जहांगीरलाही कधी कळलं नाही. दिवाळीला सुकन्याचा झंपर तिनं शिवून दिला आणि तो दंडाच्या वर चढेना. सिंधुबाई तिच्या दारात जाऊन, चार बायकांदेखत म्हणाल्या होत्या, "कापड मारलंस, बेगमबी. उशीचे अभ्रे शिवलेस का गं त्यातून?" बेगमबी एक शब्द बोलली नव्हती. तेव्हापासून दोघींचा अबोला.

"हिला कुणी बोलावलं?" सिंधुबाईंनी दबक्या आवाजात नवऱ्याला विचारलं.

"मी. तीस वर्षं आपल्या रानात येळवस खायली ती. झंपराचं भांडण झंपरापुरतं."

"मग तुम्हीच वाढा तिला."

"वाढतो की. मान तेवढी सरळ होऊ दे."

*

तुरीच्या ओळीआड सुकन्यानं बालाजीला गाठलं.

"आता सांगा."

"जेवणं होऊ दे."

"पंचमीला पण म्हणलात जेवणं होऊ दे. दसऱ्याला पण. दिवाळीला तर आपण चार दिवस जेवतच होतो."

"आईचं तोंड बघितलंस का? लई खूश आहे ती."

"कशानं खूश आहे ते माहीत आहे का तुम्हाला? आत्यांनी हिरवा चुडा आणलाय. ओटी भरणार आहेत माझी."

बालाजीच्या हातातली काटकी खाली पडली. "ओटी? कशाची?"

सुकन्याला अशा वेळीही हसू आलं. हा माणूस वाईट नव्हता. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंकडे तो प्रत्येक खेपेला तिच्याबरोबर गेला होता. रात्री तिच्या पाठीमागं उशा रचून देत होता. फक्त घरी तोंड उघडायची वेळ आली की त्याला सरपण आठवायचं.

ओवीच्या वेळी पाचव्या महिन्यात तिची छाती वाढायला लागली, तेव्हा सगळ्यांना ते साहजिक वाटलं होतं. ओवीचं अंगावरचं पिणं सुटलं. वाढ थांबली नाही. वर्षभरात इतकी वाढली की पट्ट्यांनी खांद्यावर चर पडले, हातांना मुंग्या येऊ लागल्या, फळ्यावर लिहिताना हात वर जाईना. शाळेत मुलं हसत नव्हती, बाकीचे शिक्षक हसत होते. दिवाळीनंतर तिनं रजा टाकली. डॉक्टरीणबाईंनी तुकडा तपासून घेतला आणि सांगितलं, कर्करोग नाही, जिवाला धोका नाही, हजारोंत एखादीला होणारा साधा पण हट्टी आजार आहे. मग त्या म्हणाल्या, "यात तुमची काही चूक नाही." त्या एका वाक्यानं सुकन्या तिथं ओक्साबोक्शी रडली होती. लातूरच्या सर्जननं वाढलेला भाग काढून टाकायला येत्या गुरुवारची तारीख दिली होती. अजून घरात कुणाला पत्ता नव्हता.

घरच्यांना अंधारात ठेवून ऑपरेशनच्या टेबलावर झोपायचं तिच्या जिवावर येत होतं. सासू नको म्हणाली तर नवरा पुन्हा जेवणं होऊ दे म्हणेल, आणि ही तारीख गेली की पुढची कधी मिळेल ते सांगता येत नव्हतं. आणखी चार महिने हे ओझं वागवायची ताकद आपल्यात नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

"सुकन्येऽ," कोपीकडून पारूबाईंची हाक आली. "ये गं, पाटावर बस."

*

पाटावर पारूबाईंनी गव्हाच्या दाण्यांनी स्वस्तिक काढलं होतं. शेजारच्या रानातून बघायला चार बायकाही जमल्या असत्या, पण त्या आपापल्या चुलीशी अडकल्या होत्या, हे त्यातल्या त्यात नशीब. बेगमबी बांधावर ओवीला मांडीवर घेऊन बाजरीच्या पिठाचे उंडे चारत होती.

"आधी हा झंपर घाल," पारूबाई म्हणाल्या. "उदगीरच्या मोठ्या दुकानातला हाय. तयार. लई सैल घेतलाय मुद्दाम."

सुकन्यानं झंपर हातात घेतला. तो तिच्या एका बाजूलाही पुरला नसता.

"होणार नाही आत्या हा मला."

"होतोय की. न होयला काय झालं?"

"व्हणार न्हाई तो," बांधावरून बेगमबी शांतपणे म्हणाली. "नका जबरदस्ती करू. आणि पारूबाई, ओटी बी नका भरू आत्ता."

तेवढं निमित्त सिंधुबाईंना पुरलं. दोन महिने साठवलेलं त्यांनी एकदम बाहेर काढलं. "तू नको शिकवू आम्हाला ओटी कधी भरायची ते! लेकराच्या दिवाळीच्या झंपराची वाट लावलीस, आता शुभाच्या वेळी नाट लावायलीस? हात चालंना झाले तर तसं सांगावं, बेगमबी. म्हातारपण काय तुला एकटीलाच आलंय?"

बेगमबीनं मान खाली घातली आणि ओवीच्या तोंडाला लागलेलं पीठ पुसलं. आजही ती बोलणार नव्हती. सुकन्यानं तिला उन्हाळ्यात एकदा हात धरून विनवलं होतं, चाची, कुणाला सांगू नका. त्या शब्दाखातर ती बाई चोर ठरली होती. आज दुसऱ्यांदा ठरत होती. ते मात्र सुकन्याला सोसवलं नाही.

"आई, झंपर बेगमबीचाचींनी बिघडवला नाही," ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "तुम्ही मापाला जुना झंपर दिलात. नवं माप ठाऊक असूनही, माझं गुपित फुटू नये म्हणून, त्यांनी त्याच मापानं बरोबर शिवला. मीच बदलले. आणि मला दिवस गेलेले नाहीत."

भुजंगराव मान विसरून वळले. बालाजी सरपणाचा भारा घेऊन उभा होता, तो तसाच उभा राहिला.

मग तिनं सगळं सांगितलं. न थांबता सांगितलं, कारण थांबलं असतं तर रडू आलं असतं. आजार सांगितला, तपासणी सांगितली, गुरुवार सांगितला.

"चाची, आता सांगा तुम्ही. माझी परवानगी आहे."

"सालभरात पाच दोऱ्या झाल्या हिच्या," बेगमबी म्हणाली. "छातीची गाठ दर खेपेला सरकली. कमरेची जागची हलली न्हाई. पोटुशी बाईची दोरी अशी नसती. मला पयल्या दिवशी कळलं. पण पोरीनं जबान घेतली होती माझी."

"मग माझ्या शिव्या का खाल्ल्यास?" सिंधुबाईंच्या तोंडून कसंबसं निघालं.

"तुमच्या शिव्या काय आजच्या हैत? सवय हाय मला."

सिंधुबाई पाटावरच, सुकन्यासाठी मांडलेल्या स्वस्तिकावर बसल्या. "कॅन्सर तर न्हाई ना गं?"

"नाही आई. खरंच नाही. कागद आहेत."

"ह्याला ठावं होतं?" त्यांनी लेकाकडं बोट केलं.

"जेवणं झाल्यावर सांगणारच होतो," बालाजी म्हणाला.

*

पारूबाई सहजासहजी गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. एवढं लुगडं आणून ते परत न्यायचं म्हणजे काय? त्यांनी भावजयीला सोडून भावाला धरलं.

"दादा, तू बोल. देवानं दिलेलं कापून टाकायचं व्हय? बायका तरसतात असं अंग मिळावं म्हणून."

"बिंदगी किती किलोची असंल, पारू?" भुजंगराव भलतंच बोलले.

"मला काय ठावं? असंल आठ-दहा किलो. तिचं काय हितं?"

भुजंगराव सुनेकडं बघत नव्हते. असल्या गोष्टीत सासऱ्यानं सुनेकडं बघायचं नसतं, हे ते पाळत होते. मातीकडं बघून त्यांनी विचारलं, "डॉक्टर किती म्हणला?"

"दोन्ही मिळून नऊ किलो, अण्णा."

"आन मी अर्धा किलोमीटर नेली तर सकाळपासून तेल मागायलो." त्यांचा हात पुन्हा मानेकडं गेला. "झोपताना बी उतरवता येत नसंल ते."

"नाही येत."

"मग झालं की. माझं काही म्हणणं न्हाई."

"तुझं नसंल, माझं हाय," पारूबाई उसळल्या. "उद्या दुसरं लेकरू झालं तर त्याला पाजणार काय ही? इचार की डॉक्टरला. दूध येईल का?"

सुकन्यानं खोटं सांगितलं नाही. "सांगता येत नाही म्हणाले. बहुतेक नाही येणार. आणि पुन्हा दिवस गेले तर हे परत वाढू शकतं, त्यामुळं दुसऱ्याचा विचार फार जपून करा, असंही म्हणाले."

हे ऐकलं आणि सिंधुबाईंचा चेहरा पडला. नातवाचं नाव त्यांनी मनात ठरवूनही ठेवलं होतं. सुकन्या तो चेहरा बघत होती. सगळं आता याच चेहऱ्यावर अडलं होतं.

पारूबाईंना नेमकं हवं ते सापडलं. "बघ! ऐकलंस वैनी? आईच्या दुधाबिगर लेकरू म्हणजे काय माणूस हाय? हा बालाजी बघ. तीन वर्षं पाजलंस तू ह्याला, आख्ख्या मुरुडाला ठावं हाय. माझी आई सांगायची, आमच्या सिंधूसारखं दूध कुणाला न्हाई. म्हणून तर असा घोड्यासारखा झाला. सांग तुझ्या सुनेला, आईचं दूध म्हणजे काय असतं ते. सांग की."

सिंधुबाई सांगेनात. त्यांनी पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला. बालाजीला पाजल्याची गोष्ट त्या स्वतःच लग्नाकार्यात, बारशांत, नव्या बाळंतिणींपुढं पस्तीस वर्षं मिरवत आल्या होत्या. ती मोडायची तर इथंच, पारूसमोर, म्हणजे उद्यापर्यंत उदगीरलाही पोचणार. आणि न मोडावी तर ही पोर आणखी किती दिवस भिंतीला टेकून झोपणार?

"बारा दिवस," त्या म्हणाल्या.

"काय बारा दिवस?"

"बारा दिवस पाजलं मी बालाजीला. तेराव्या दिवशी ताप भरला आन दूध आटलं ते आटलंच. तुझ्या आईनं सांगितलं, भायेर बोलायचं न्हाई, लोक नावं ठेवतील. ह्यांनी शिरूर अनंतपाळच्या बाजारातून शेळी आणली. मी पदराखाली लेकरू घ्यायची आन बोळ्यानं शेळीचं दूध पाजायची. बघणाऱ्याला वाटायचं, काय बाई पाजती." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "पदराखाली रडायची मी, पारू. लेकरू चुरूचुरू बोळा चोखायचं आन मी रडायची. तीन वर्षं कुणाला दिसलं न्हाई."

पारूबाई तोंड उघडं टाकून भावाकडं बघत राहिल्या.

"ठावं होतं तुला, दादा?"

"शेळी मीच ओढून आणली की उन्हातान्हात," भुजंगराव म्हणाले. मग त्यांनी भारा धरून उभ्या असलेल्या लेकाकडं नीट बघितलं. "तरीच म्हणलं, ऐन बोलायच्या वेळी ह्यो नुसता में में का करतोय."

आधी बेगमबी हसली. मग सुकन्या. मग हळूच, डोळ्यांना पदर लावलेल्या सिंधुबाई. बालाजीनं अखेर भारा खाली टाकला आणि तोही हसायला लागला, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सिंधुबाई उठल्या. सुकन्याला दंडाला धरून कोपीच्या मागं घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "दाव खांदा." सुकन्यानं शाल सरकवली. पट्टीच्या जागी बोट बसेल एवढा खोल, काळा पडलेला चर होता. कडेला कातडी सोललेली होती. सिंधुबाईंनी त्यावर हात ठेवला नाही, दुखेल म्हणून. त्या नुसत्या बघत राहिल्या.

"मी ह्याला दिवस गेले म्हणायले," त्या म्हणाल्या. "गावभर सांगत सुटले."

"तुम्हाला कुठं माहीत होतं, आई."

"इचारलं असतं तर कळलं असतं. बेगमबीला बी इचारलं न्हाई, डायरेक चोर केलं." त्यांनी शाल नीट सारखी केली. "गुरुवारी बालाजी घरी ओवीला सांभाळंल. लातूरला तुझ्याबरोबर मी येते. त्याला नको नेऊ. त्यो तिथं बी सरपण हुडकील."

सुकन्याला हसायचं होतं, पण तिला रडू फुटलं. सासूनं तिला जवळ घेतलं, थोडं बाजूनं, कारण समोरून घेणं आता शक्य नव्हतं.

*

उन्हं कलली तेव्हा सगळे गावाकडं निघाले. पारूबाईंनी हिरवा चुडा परत पिशवीत कोंबला होता आणि फळं मात्र सगळ्यांनी खाल्ली होती. बेगमबीच्या हातात सिंधुबाईंनी भज्जीचा मोठा डबा बळजबरीनं दिला होता. तोंडानं माफी मागणं त्यांना जमलं नव्हतं, आणि बेगमबीनं डबा उघडून, मीठ कमी हाय म्हणून सांगून, हिशोब मिटवला होता. सुकन्या सगळ्यांच्या मध्ये, हळूहळू चालत होती.

गाडीवाटेला बसम्माचा ट्रॅक्टर आडवा आला. ट्रॉलीत दहा-बारा बायका आणि त्यांची माणसं दाटीवाटीनं बसलेली. सुकन्या दिसताच त्यांची कुजबुज थांबली आणि नजरा जिथं जायच्या तिथं गेल्या. सुकन्यानं सवयीनं मान खाली घातली.

"काय सिंधुताई," बसम्मा ट्रॉलीतून ओरडली. "भरली का ओटी? कितवा म्हणायचा?"

सिंधुबाई थांबल्या. वर्षभर नवराबायकोतही या दुखण्याचं नाव निघालं नव्हतं. कधी तब्येत म्हणायचं, कधी वरचं म्हणायचं, कधी नुसतं ते म्हणायचं. सिंधुबाई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि ट्रॅक्टरच्या आवाजावर आवाज चढवून बोलल्या.

"महिना न्हाई गं, बसम्मा. माझीच चूक झाली, मी गिरणीत खोटं बोलले. माझ्या सुनेच्या छातीला आजार झालाय. छातीला. नऊ किलो वाढलीया. कॅन्सर न्हाई. गुरुवारी लातूरला आपरेशन हाय. आन बघायचं असंल तर आत्ता पोटभर बघून घ्या सगळ्यांनी, शुक्रवारपासून बघायला मिळणार न्हाई."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. ट्रॉलीतल्या गड्यांनी आधी एकमेकांकडं आणि मग ज्वारीच्या रानाकडं बघायला सुरुवात केली. बसम्मा चाकावर पाय देऊन जड अंगानं खाली उतरली आणि सुकन्यापुढं येऊन उभी राहिली.

"एवढं घिऊन चालत कशाला निघालीस गं, माय?" ती म्हणाली. मग वळून ट्रॉलीवर ओरडली, "उठा रे गड्याहो, उतरा सगळे खाली. पोरीला टेकून बसायला जागा करा."